हलकेबाबांची चढण

चाकांची खुर्ची आपोआप चढ चढायला लागली तेव्हा गर्दीतल्या निम्म्या लोकांनी हात जोडले आणि उरलेल्यांनी मोबाइल बाहेर काढले. खुर्चीत एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्या मुलानं बाबांच्या सांगण्यावरून खुर्चीच्या मुठी सोडल्या आणि तो बाजूला झाला. खुर्ची क्षणभर अडखळली, मग हळूच पुढे निघाली. समोर रस्ता वर चढत गेलेला सगळ्यांना दिसत होता आणि त्या चढावर कुणी न ढकलता, कुणी न ओढता खुर्ची चालली होती. आजीबाईंनी घाबरून चाकांना हात घातला, तशी पांढऱ्या कपड्यांतला एक सेवक म्हणाला, "धरू नका आजी, डोंगर नेतोय तुम्हाला."

मग बाबांनी रस्त्यावर चेंडू ठेवला. चेंडू वर गेला. मग बादलीतलं पाणी ओतलं. पाण्याचा ओघळ धूळ गोळा करत चढाच्या दिशेनं निघाला, आणि गर्दीतून एक मोठा सुस्कारा आला. माझ्या शेजारच्या गृहस्थांचे डोळे भरून आले. मी मात्र उभं राहून राहून गुडघ्यांत येणाऱ्या कळा मोजत होते आणि टेकायला काही आहे का ते बघत होते. चमत्काराच्या ठिकाणी बाकडं कधी नसतं, हा माझा अनुभव आहे.

या बाबांना सगळे हलकेबाबा म्हणत. अंगानं ते चांगलेच भरभक्कम होते, पण ते असो. "जड कोण आहे? पाय?" ते ध्वनिक्षेपकावर विचारत आणि स्वतःच उत्तर देत, "पाय बिचारे लाकूड आहेत. जड आहे ती शंका. समुद्र तुम्हाला खाली ओढतो, डोंगर वर ओढतो. आम्ही फक्त समुद्राच्या हातातून तुमचा हात सोडवतो." विज्ञानाला या शक्तीला अजून नाव देता आलेलं नाही, असंही ते म्हणाले. विज्ञानाची अडचण ओळखून त्यांनी त्या रस्त्याला स्वतःचंच नाव देऊन टाकलं होतं. फाटकावर मोठी पाटी होती : हलकेबाबांची चढण.

आम्ही तिथे कसे पोचलो ते सांगते. माझ्या दादाच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पुढच्या आठवड्यातला दिवसही दिला. तोपर्यंत गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि चढ चढायचा नाही, एवढ्या दोनच अटी. दादा म्हणाला, त्याआधी एकदा समुद्र बघून येऊ. जन्मभर घाटात बस चालवलेला माणूस, आणि समुद्र त्यानं पाहिला तो काचेतून, तेही थांब्याची वेळ पाळता पाळता. नाही कोण म्हणणार? वहिनी निघाल्या, आणि सोबत म्हणून मीही. मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. माझे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. म्हणजे दादाला चढ चालत नाही, मला उतार सोसत नाही, आणि आम्ही निघालो कुठे, तर जिथे सपाट जागा फक्त समुद्रावर आहे अशा गावाला.

लॉजवाल्यानं फोनवर सांगितलं होतं की समुद्र दोन मिनिटांवर आहे. होता, पण वरून सुटलेल्या दगडाला. माणसाला मधे पायऱ्याच पायऱ्या होत्या, त्यांना कठडा नव्हता, आणि प्रत्येक वळणावर वाटायचं की आता संपल्या. धडधाकट माणूस गावात आला की काय बघायचं ते ठरवतो. आमच्यासारखे आधी परत कसं यायचं ते ठरवतात. गाडी कुठपर्यंत जाते, मधे टेकायला काय आहे, स्वच्छतागृह चढावर आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. पहिला दिवस आम्ही लॉजच्या गच्चीवर घालवला. खाली धक्क्यावर लोक होड्यांतून चढत-उतरत होते, आणि दादा पिंजऱ्यातल्यासारखा एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत जात होता, दम लागला की थांबत होता, पुन्हा जात होता. त्याला बघून मलाही चैन पडेना.

तेव्हा लॉजवाल्यानं हलकेबाबांचं नाव काढलं. गाडी दारात येते, म्हणाला. चालायचं फक्त बाबांच्या चढणीवर, आणि तिथे दम लागतच नाही. दम लागतच नाही, हे तीन शब्द दादाच्या कानात शिरले आणि बाहेर आलेच नाहीत.

गाडीला पडदे होते. बाहेर बघितलं की मन भटकतं, असं सेवक म्हणाला. गाडी बरीच वर गेली, मग एक तीव्र उतार उतरून थांबली. समोर तो रस्ता. डाव्या हाताला रंगाचे आडवे पट्टे ओढलेली भिंत, उजव्या हाताला, म्हणजे समुद्राच्या बाजूला, पुरुषभर उंचीचा कापडी पडदा. वाऱ्यानं झुकलेली झाडं, त्यांच्यामधे पांढरे खांब, आणि शेवटी बाबांचा चौथरा. खुर्चीचा, चेंडूचा आणि पाण्याचा प्रयोग झाला की सगळ्यांनी चालत निघायचं. चौथऱ्याशी पोचलं की काठ्या, कुबड्या, पट्टे काढून एका ढिगावर टाकायचे आणि गोळ्या एका पिंपात. गोळ्या म्हणजे खिशातलं वजन, असं बाबांचं म्हणणं. आणि एक नियम कडक होता : आल्या वाटेनं कुणी परत जायचं नाही. गेलं तर सुटलेला जडपणा पुन्हा चिकटतो. परतीसाठी चौथऱ्यामागे दुसरी गाडी उभी असे, तिलाही पडदे.

दादा निघाला. मी मागून बघत होते. लॉजच्या जिन्यात मधेच बसणारा माझा भाऊ त्या चढावर सरळ चालत गेला, एकदाही न थांबता. वर पोचून त्यानं मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. वहिनींना रडू आलं. 

पण माझे गुडघे ठणकत होते. आणि ठणकत होते ते वाटीच्या पुढच्या बाजूनं, जिना उतरताना ठणकतात तसे. चढताना माझी मांडी भरते, उतरताना गुडघा रडतो. या दोन दुखण्यांत मी झोपेतही गल्लत करणार नाही. डोळे सांगत होते चढ, गुडघे सांगत होते उतार. मी ढिगाशी पोचले तेव्हा सेवकानं काठी मागितली. म्हणाला, बाई, काठी सोडली की हलकं वाटेल. मी म्हटलं, माझी काठी ॲल्युमिनियमची आहे, मुळातच हलकी आहे. तेवढ्यात दादानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि पिंपात टाकलं. वहिनींनी त्याचा हात धरेपर्यंत पाकीट तळाला गेलं होतं.

संध्याकाळी त्यानं हॉस्पिटलला फोन लावला. गच्चीत उभं राहून, मोठ्या आवाजात, माझं ऑपरेशन रद्द करा, गरज उरलेली नाही. पलीकडून कुणीतरी डॉक्टरांशी बोला म्हणत असावं, कारण दादा म्हणाला, डॉक्टरांनाच इथे पाठवा. मग त्यानं फोन ठेवला आणि चहा मागवला. वहिनी न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बसल्या. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत आहे.

मी दादाशी भांडले. झडप आहे तशीच अरुंद आहे, चमत्कार झाला असेल तर आधी तपासून घे, गोळ्या तरी चालू ठेव. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं की तो रस्ता चढाचा नाहीच, उताराचा आहे. दादा हसला.

"छोटे, जन्म गेला माझा घाटात. तू मला चढ-उतार शिकवणार?"

साठी उलटलेल्या मला तो अजून छोटे म्हणतो. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. आपल्याला रस्त्यातलं सगळं कळतं, याची माझ्या भावाला खात्री होती. ज्याला आपलं डोळ्यांचं गणित कधी चुकत नाही असं वाटतं, त्याला फसवणं सगळ्यात सोपं, हे मी वर्गात रोज पाहिलंय. पण भावाला वर्गात बसवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टानं दोघांना होडीत बसवलं. धक्क्यापर्यंत सामानाच्या गाडीतून गेलो, नावाड्यानं हात दिला, आणि एकदा बूड टेकल्यावर समुद्र आमच्यासारख्यांना फार सोयीचा असतो. पाय न हलवता सगळं बघता येतं. होडी खाडीच्या तोंडाशी आली आणि डोंगर पूर्ण दिसायला लागला. वरच्या अंगाला आमचं लॉज, त्याच्या पलीकडे कड्याला वळसा घालणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर पडद्याची पांढरी पट्टी. मी पेन्सिल काढली, हात लांब केला आणि ती समोर आडवी धरली, पाण्याच्या कडेशी समांतर. हे मी हजारो मुलांना शिकवलंय. पडद्याचं एक टोक पेन्सिलीच्या वर होतं, दुसरं खाली. वरचं टोक फाटकाचं होतं. खालचं चौथऱ्याचं.

म्हणजे ज्याला बाबा शिखर म्हणत होते तो त्या रस्त्याचा तळ होता.

मी दादाच्या हातात पेन्सिल दिली. त्यानं बघितलं आणि म्हणाला, होडी हलतेय, लांबून सगळं तिरकंच दिसतं. पेन्सिल परत दिली. मग पाण्याकडे बघत बसला. त्याला आज पुन्हा चढणीवर जायचं होतं, कारण गुण पक्का व्हायला बाबांनी दोनदा यायला सांगितलं होतं. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "वन्सं, यांनी कालपासून एकही गोळी घेतलेली नाही." मला हे माहीत होतं. तरी त्यांनी ते म्हटल्यावर होडी धक्क्याला लागेपर्यंत मी नुसती चुळबुळ करत राहिले.

दुपारी पुन्हा तीच पडद्याची गाडी, तीच पाटी, तोच चेंडू. आजची गर्दी जास्त होती. कालच्या आजीबाई आणि त्यांचा मुलगाही गुण पक्का करायला आले होते. वहिनींनी आमची घडीची खुर्ची बरोबर घेतली होती, सेवक नको म्हणत असतानाही सोडली नव्हती. दादा कालच्यासारखाच आरामात चालत गेला. आज मी डोळे त्याच्यावर न ठेवता आजूबाजूला ठेवले. काय बघायचं ते ठाऊक असलं की दिसायला लागतं. खांब उभे नव्हते. सगळे चौथऱ्याच्या बाजूला जरासे कललेले होते, वाऱ्यानं वाकलेल्या झाडांना बरोबर समांतर. त्यांनाच माणूस सरळ समजतो आणि मग रस्ता त्याला चढा दिसतो. भिंतीवरचे पट्टेही आडवे नव्हते. रस्त्यापेक्षा जास्त तिरके खाली उतरत गेले होते, शेवटी जवळजवळ जमिनीला टेकले होते. नाचणाऱ्याला दोष नको, इथे अंगण खरोखरच वाकडं केलेलं होतं.

चौथऱ्याशी पोचल्यावर मी बाबांना नमस्कार केला आणि विचारलं, परत चालत गेलं तर जडपणा चिकटतो म्हणता, तो कुणाकुणाला चिकटतो? सगळ्यांना, बाबा म्हणाले. किती वेळात? पहिल्याच पावलाला. एखाद्याला उलट बरं वाटलं, असं होऊ शकतं? बाबा ध्वनिक्षेपकात हसले आणि म्हणाले, बाईंची शंका बघा, काठीपेक्षा मोठी आहे. लोकही हसले.

मी काठी टेकत मागे फिरले आणि आल्या वाटेनं चालायला लागले.

मागे कालवा झाला. सेवक ओरडले, पण मला हात लावायला कुणी धजावेना, कारण जडपणा लागायची भीती त्यांनीच लोकांना घातली होती. मी चालत राहिले. रस्ता समोर उतरताना दिसत होता, आणि माझे गुडघे शांत होत चालले होते. मांडी भरत होती. इतकं बरं वाटलं की मी जरा भरभर चालले, आणि तिथेच माझी चूक झाली. मागून दादाची हाक आली.

"छोटे, परत फिर. वेडेपणा करू नकोस."

मी वळून बघितलं तर तो माझ्यामागे येत होता. मला आणायला. लहानपणी मी रुसून निघाले की यायचा तसाच, लांब टांगा टाकत. मी हात हलवून थांब म्हटलं, तिथेच थांब दादा, पुढे येऊ नकोस. तो थांबला नाही. डोळ्यांना उतार दिसत असताना त्याला थांबण्याचं कारण काय? अर्ध्या वाटेत त्याची पावलं जवळ जवळ पडायला लागली. मग त्यानं एका खांबाला धरलं. ओठ पांढरे पडले होते. तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता आणि आवाजाऐवजी नुसती शीळ येत होती.

मी त्याच्यापर्यंत कशी पोचले ते मला आठवत नाही. वहिनी खुर्ची घेऊन धावत आल्या आणि आम्ही दोघींनी त्याला बसवलं. वहिनींनी त्याच्या शर्टाची बटणं उघडली. त्यांच्या पिशवीत गोळ्यांचं दुसरं पाकीट होतं. सकाळीच धक्क्याजवळच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठी दाखवून आणलं होतं, कुणालाही न सांगता. दादानं हूं की चूं न करता गोळी घेतली. आणि तेवढ्यात चौथऱ्यावरून ध्वनिक्षेपक गरजला. पाहिलंत? परत फिरला आणि जडपणा चिकटला. आम्ही सांगितलं नव्हतं?

गर्दीतून होकाराचा सुस्कारा आला. उचलली जीभ लावली टाळ्याला असं ते नव्हतं. पठ्ठ्यानं नियमच असा करून ठेवला होता की माणूस मेला तरी बाबांचंच खरं ठरावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या क्षणी माझ्याकडे काठीऐवजी दुसरं काही असतं तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

मी गर्दीकडे तोंड केलं. वर्गातला आवाज अजून शाबूत आहे, ध्वनिक्षेपक लागत नाही. म्हटलं, माझ्या भावाला जडपणा चिकटला हे खरं. पण मीही त्याच वाटेनं परत आले. माझे गुडघे बाबांच्या बाजूला जाताना दुखत होते आणि परत येताना थांबले. एकाच वाटेवर, एकाच वेळी, एकाला जडपणा चिकटतो आणि एकीचा सुटतो, असा कसा हा डोंगर? याचं हृदय दुबळं आहे, याला चढ सोसत नाही. माझे गुडघे झिजलेत, मला उतार सोसत नाही. आता तुम्हीच सांगा, इकडून तिकडे काय आहे आणि तिकडून इकडे काय.

मग आजीबाईंच्या मुलानं खुर्ची वळवली आणि फाटकाच्या दिशेनं, म्हणजे दिसायला उताराकडे तोंड करून, हात सोडले. खुर्ची पुढे न जाता मागे सरकली. त्यानं घाईनं मुठी पकडल्या आणि ढकलून पाहिली. उतार दिसणाऱ्या त्या रस्त्यावर त्याला जोर लावावा लागत होता. बाबा लगेच म्हणाले की डोंगर आजींना सोडायला तयार नाही. काही लोकांना तेही पटलं. चेंडू काय, पाणी काय, खुर्ची काय, काहीही दाखवलं तरी डोंगर ओढतो हे उत्तर तयार होतं. म्हणून मला डोंगराला ओढता येणार नाही अशी गोष्ट हवी होती.

ती पडद्यामागे होती. दृष्टीआड सृष्टी, म्हणूनच तर तो पडदा. कापड तारेला कड्यांनी अडकवलेलं होतं आणि एका खांबाला दोरीनं बांधलं होतं. मी काठीच्या वाकड्या मुठीत गाठ धरून ओढली. गाठ सुटली आणि पुढचं काम वाऱ्यानं केलं. कड्या घसरत गेल्या, पडदा एका बाजूला गोळा झाला, आणि सगळा समुद्र एकदम समोर आला. रस्ता कड्याला वळसा घेत असल्यामुळे फाटकाच्या मागे आणि चौथऱ्याच्या मागेही पाणी दिसत होतं, आणि त्या सगळ्यामागे एक सरळ रेषा.

मी म्हटलं, समुद्र आणि आकाश मिळतात ती रेषा नेहमी तुमच्या डोळ्यांच्या पातळीला असते. बसलात तर खाली येते, उभे राहिलात तर वर जाते. जे त्या रेषेच्या वर दिसतं ते तुमच्या डोळ्यांहून उंच, जे खाली दिसतं ते डोळ्यांहून खाली. इथे माझ्याजवळ या, फाटकाकडे बघा, आणि मग बाबांकडे बघा.

दोघं-तिघं आले. मग बरेच आले. फाटकाशी उभ्या असलेल्या सेवकाची पावलं रेषेच्या वर होती. आणि शिखरावर उभे असलेले हलकेबाबा डोक्यासकट रेषेच्या खाली होते. पडदा गेल्यामुळे आता सगळ्याच रस्त्याचं सोंग उतरलं होतं. खांब वाकडे दिसत होते, पट्टे घसरलेले दिसत होते, आणि रस्ता बाबांकडे उतरत गेलेला कुणालाही दिसत होता. एक बाई हसायला लागल्या. त्यांच्याबरोबरचे गृहस्थ मात्र रागावून म्हणाले की तुम्ही चांगल्या जागेचं वाटोळं केलंत. बाबांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला आणि सेवकांना पडदा ओढायला सांगितला, पण वारा त्यांचं ऐकेना.

दादा खुर्चीतून हे सगळं बघत होता. त्याचा श्वास जागेवर येत होता. मी खाली वाकले तेव्हा तो मला नाही, स्वतःला सांगत असल्यासारखा बोलला.

"घाटात असा एक टप्पा असतो. मोठा उतार संपला की पुढचा बारका उतार चढासारखा दिसतो. नवी पोरं तिथे गाडी दामटतात. मी त्यांना सांगायचो, डोळ्यांवर जाऊ नका, इंजिनाचं ऐका." त्यानं छातीवर हात ठेवला. "आत्ता येताना इंजिन ओरडत होतं, छोटे. मी ऐकलं नाही."

मी त्याला विचारलं की हे ठाऊक असून काल कसं सुचलं नाही. तो वहिनींना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे म्हणाला की त्याला ऑपरेशनची भीती वाटते. छाती उघडणार, यंत्रावर ठेवणार, आणि पुन्हा जाग येईल की नाही कोण सांगणार. ज्या दिवसापासून तारीख मिळाली त्या दिवसापासून त्याला कुणीतरी गरज नाही असं म्हणायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले नाहीत, बायको म्हणाली नाही, बहीण म्हणाली नाही. बाबा म्हणाले. वहिनी त्याच्या खुर्चीशेजारी रस्त्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "भीती मलाही वाटते. मला सांगायचं होतंत." माझा त्याच्यावरचा सगळा राग तिथेच संपला. मला फक्त त्याची फार काळजी वाटली.

परत जाताना गाडीचे पडदे आम्ही उघडून टाकले. ढिगातून आपापल्या काठ्या शोधणाऱ्यांची रांग लागली होती. सगळेच शोधत नव्हते. काही जण बाबांना पुढच्या वेळेबद्दल विचारत होते, हेही मी पाहिलं.

हॉस्पिटलचा दिवस दुसऱ्या कुणाला गेला होता. नवा मिळायला बरेच आठवडे लागले, आणि त्या आठवड्यांत रोज सकाळी दादा उठलाय का हे बघायला मी त्याच्या दारात उभी असायचे. ज्या माणसानं उताराला चढ रंगवून माझ्या भावाचे हे आठवडे खाल्ले, त्याला मी माफ केलेलं नाही. ऑपरेशन झालं. दादाला जाग आली. पहिलं पाणी त्यानं वहिनींच्या हातून घेतलं आणि म्हणाला, संपलं का, मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय.

मी हे लिहितेय ते ज्यांना दम लागतो, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना उद्या कुठल्यातरी टेबलावर झोपायचंय त्यांच्यासाठी. घाबरणं चूक नाही. घाबरलात तर घरच्यांना सांगा, डॉक्टरांना शंका विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. पण कुणी चमत्कार दाखवला आणि सोबत एखादी बंदी घातली, इकडे बघू नका, तिकडून परत जाऊ नका, तपासायला जाऊ नका, तर आधी ती बंदी मोडून बघा. जे खरं आहे ते उलट बाजूनं चालून पाहिलं तरी खरंच राहतं.